‘जर’ आणि ‘तर’

२०२५ च्या पावसाळ्यांतील गोष्ट. पालकसभा आटोपून मंडळी छत्र्या उघडीत होती, तोंच एक शेतकरी गृहस्थ माझ्याजवळ येऊन थांबले. त्यांचा मुलगा माझ्या नववीच्या वर्गांत आहे. मनुष्य भिडस्त, बोलावें कीं बोलूं नये, असा थोडा वेळ विचार करून ते म्हणाले, “सर, राग मानू नका. पोरांचं इतिहासाचं पुस्तक अजून निम्मं बी झालं न्हाई, आन् तुम्ही त्यांना आभाळातल्या इमानांची नाटकं दाखवताय म्हनं. आमच्या पोरांना त्याचा उपेग काय?”

प्रश्न सरळ होता, आणि रास्तही होता. परंतु त्या वेळीं मला नीट उत्तर देतां आलें नाहीं. पावसाचा जोर वाढत होता, आणि त्यांची गाईची धार काढण्याची वेळ झाली होती. तें राहिलेलें उत्तर आज या वार्षिकाच्या पानांत देत आहें. असाच प्रश्न आणखीही पुष्कळ पालकांच्या मनांत आला असेल. ज्यांना वाचावयास सवड नसेल, त्यांना माझे विद्यार्थी हें वाचून दाखवितील, अशी आशा आहे.

अशा कथांचें वेड मला लहानपणापासून आहे, हें आधींच कबूल केलेलें बरें. १९९८ सालीं दूरदर्शनवर केतन मेहता यांची ‘कॅप्टन व्योम’ ही मालिका सुरू झाली, तेव्हां आमच्या घरीं दूरचित्रवाणीचा संच नव्हता. मिलिंद सोमण यांनीं रंगविलेला तो अंतराळवीर पाहण्यासाठीं मी शेजाऱ्यांच्या घरीं जाऊन बसत असें. पुढें पदवी घेतली, शिक्षक झालों, डोक्यावरचे केस विरळ झाले. परंतु तें वेड कांहीं गेलें नाहीं. हें वेड मराठी माणसाला परकें आहे, असेंही नाहीं. विसाव्या शतकाच्या अगदीं आरंभीं ‘केरळ कोकिळ’ मासिकांत ज्यूल व्हर्नच्या चंद्रलोकच्या सफरीचें मराठी रूपांतर हप्त्याहप्त्यानें प्रसिद्ध होत असे. म्हणजे आपले पणजोबा रॉकेलच्या दिव्याखालीं पुढच्या हप्त्याची वाट पाहत होते. आपण विजेच्या दिव्याखालीं पाहतों, इतकाच काय तो फरक.

या परंपरेंतील आपल्या काळचें सर्वांत मोठें नांव म्हणजे डॉ. जयंत विष्णु नारळीकर. त्यांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजीं कोल्हापुरास झाला. वडील काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनीं स्वतः केंब्रिज येथें फ्रेड हॉइल यांच्या हाताखालीं संशोधन केलें. पुढें १९८८ सालीं पुण्यास निघालेल्या ‘आयुका’ या संस्थेचे ते संस्थापक-संचालक झाले. एवढा मोठा शास्त्रज्ञ गोष्टी कशाला लिहीत बसला, असें कोणास वाटेल. परंतु त्यांचे गुरु हॉइल हेही गोष्टी लिहीत असत. हॉइल यांची ‘द ब्लॅक क्लाउड’ ही कादंबरी १९५७ सालीं निघाली, आणि १९६१ सालीं जॉन एलियट यांच्या साह्यानें त्यांनीं बी. बी. सी. करितां ‘ए फॉर अँड्रोमेडा’ नांवाची मालिकाच लिहिली. नारळीकरांनीं १९७४ सालीं मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस ‘कृष्णविवर’ ही आपली कथा पाठविली, ती ‘नारायण विनायक जगताप’ असें टोपणनांव घेऊन. आपल्या खऱ्या नांवाचें वजन परीक्षकांवर पडूं नये, हा त्यांतील हेतु. पहिलें पारितोषिक त्या अनोळखी जगतापांनाच मिळालें! माझ्या विद्यार्थ्यांनीं निदान एवढी एक गोष्ट मनांत ठेविली, तरी माझा तास फुकट गेला नाहीं, असें मी समजेन.

२० मे २०२५ रोजीं डॉ. नारळीकर पुण्यास निवर्तले. त्या वेळीं शाळेला उन्हाळ्याची सुटी होती. जून महिन्यांत वर्ग भरूं लागले, तेव्हां त्यांच्याविषयीं दोन शब्द बोलावेत, असा विचार होता. परंतु मोठा लेखक गेल्यावर त्याच्या पदव्यांची यादी सांगण्यापेक्षां त्याचें लिहिलेलें वाचून दाखवावें, हें बरें, असें वाटून मीं ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही त्यांची कथा नववीच्या वर्गांत वाचली.

ज्यांनीं ती वाचली नसेल, त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे हे पुण्याचे इतिहासकार. पानिपतच्या लढाईचा निकाल उलटा लागता तर काय झालें असतें, या विचारांत ते गढलेले असतांना एका ट्रकची धडक त्यांना बसते, आणि ते निराळ्याच जगांत जाऊन पडतात. त्या जगांत पुण्याहून मुंबईस निघालेली गाडी वाटेंत सरहद्दीच्या स्थानकावर थांबते, कारण पुढें इंग्रजांचा मुलूख लागतो. मुंबईंत ईस्ट इंडिया कंपनीची इमारत दिमाखांत उभी असते. गोंधळलेले पंत ग्रंथालयांत जाऊन स्वतःच लिहिलेला इतिहास उघडतात, तों तेथें पानिपतावर मराठ्यांचा विजय झालेला! एका बखरींत कारण सांपडतें: विश्वासरावांना लागावयाची गोळी तिळाएवढ्या अंतरानें कानाजवळून निघून गेली. आपल्या जगांत, १४ जानेवारी १७६१ रोजीं, ती गोळी लागली. विश्वासराव पडले, भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसून गर्दींत शिरले, आणि रिकामी अंबारी पाहून फौजेचा धीर सुटला. आजही आपल्याकडे कोणी कोणावर भरंवसा ठेवावयास तयार नसला, म्हणजे “विश्वास पानिपतावरच गेला” असें म्हणतो. पावणेतीनशें वर्षें होत आलीं, तरी ती गोळी आपल्या भाषेंतून निघालेली नाहीं.

कथेच्या शेवटीं राजेंद्र देशपांडे नांवाचे त्यांचे शास्त्रज्ञ मित्र पंतांना दोन गोष्टी समजावून सांगतात. त्यांतली एक वर्गाला कळावी म्हणून मीं एक फूटपट्टी घेतली. लवचिक पट्टीचीं दोन्ही टोकें दोन हातांनीं एकमेकांकडे हळूहळू दाबीत जावें. बराच वेळ ती सरळ राहते, आणि मग एकाएकीं वर तरी वांकते, नाहीं तर खालीं. कोणत्या बाजूस वांकावयाचें, हें त्या क्षणीं एवढ्याशा हेलकाव्यावर ठरतें. किंचित् कारण आणि प्रचंड परिणाम, असा हा प्रकार आहे. गणितांत त्यास आपत्तिसिद्धांत म्हणतात. दुसरी गोष्ट अणूच्या पोटांतली. तेथें एखादा इलेक्ट्रॉन अमुक ठिकाणींच सांपडेल, असें आधीं निश्चित सांगतां येत नाहीं. सांपडण्याचा संभव कोठें किती, एवढेंच सांगतां येतें. या दोन गोष्टी एकत्र करून नारळीकरांनीं आपल्या कथेची इमारत उभारली आहे.

कथा संपली, आणि वर्गांत एकच गलका झाला. प्रत्येक मुलाला विश्वासराव जिवंत हवे होते! मीं त्यांना एका गोष्टीकडे लक्ष द्यावयास सांगितलें. नारळीकरांनीं त्या दुसऱ्या जगाला रामराज्य केलेलें नाहीं. तेथेंही मुंबईवर परक्यांचा अंमल आहेच. आणि आझाद मैदानावरील सभेंत अध्यक्षाची रिकामी खुर्ची पाहून पंत संवयीनें तींत जाऊन बसतात, तेव्हां अध्यक्षांच्या भाषणांना विटलेले तेथील लोक त्यांच्यावर अंडीं व टोमॅटो फेकतात. आपला इतिहास बदलला, म्हणजे आपलें सर्व दुःख गेलें, असें ही कथा म्हणत नाहीं. ती एवढेंच म्हणते कीं, जें झालें तें व्हावयाचेंच होतें, असें समजून स्वस्थ बसूं नका.

येथपर्यंत आमच्या शेतकरी पालकांची फारशी तक्रार नसावी. पानिपत हा इतिहासच आहे. त्यांची तक्रार पुढच्या शनिवारविषयीं होती.

त्या शनिवारीं शाळेच्या प्रोजेक्टरवर मीं ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन मालिकेचा एक भाग मुलांना दाखविला, आणि इंग्रजी संभाषणाचा अर्थ मराठींत सांगत गेलों. ६ एप्रिल १९६७ रोजीं तो अमेरिकेंत पहिल्यानें दाखविला गेला. लेखक हार्लन एलिसन. ‘द सिटी ऑन द एज ऑफ फॉरएव्हर’, म्हणजे अनंतकाळाच्या काठावरील नगर, असें त्याचें नांव असून १९६८ सालीं त्यास ह्यूगो पारितोषिक मिळालें. त्या मालिकेच्या चाहत्यांमध्यें उत्तम भाग कोणता, असा वाद निघाला, म्हणजे बहुधा याच भागाचें नांव प्रथम येतें. मीं तो किती वेळां पाहिला, हें सांगावयास संकोच वाटतो. परंतु जितक्या वेळां पाहिला, तितक्या वेळां शेवटीं माझें त्याच्याशीं भांडण झालें. आणि तें भांडण हाच या लेखाचा विषय आहे.

अंतराळयानावरील डॉक्टर मॅकॉय यांना चुकून एका जालीम औषधाची सुई टोंचली जाते. त्या उन्मादांत ते एका ओसाड ग्रहावर पळून जातात. तेथें काळाचें एक दार आहे. त्यांतून उडी टाकून ते १९३० सालच्या न्यूयॉर्क शहरांत जातात, आणि तेथें कांहीं तरी असें करितात कीं पुढचा सर्व इतिहास पुसला जातो. वर आकाशांत असलेलें यानही नाहींसें होतें. तें निस्तरण्यासाठीं कॅप्टन कर्क आणि त्यांचा तर्ककठोर सहकारी स्पॉक हे दोघे त्याच दारानें मागें जातात. मंदीचे दिवस आहेत. एडिथ कीलर नांवाची एक तरुण बाई बेकार, भुकेल्या लोकांसाठीं मिशनचें अन्नछत्र चालविते. गरम सूप वाढतां वाढतां ती त्यांना सांगते कीं, एक दिवस मनुष्य ताऱ्यांकडे जाईल, आणि आज युद्धावर उधळला जाणारा पैसा भुकेल्यांच्या पोटीं लागेल. अशा बाईवर कॅप्टन कर्कचें मन बसतें, यांत नवल नाहीं.

इकडे स्पॉक खटपट करून एक यंत्र जुळवितो, आणि त्यांत त्याला भविष्यांतील दोन वर्तमानपत्रें दिसतात. एकांत, एडिथ १९३० सालींच रस्त्यावरील अपघातांत मेल्याची बातमी आहे. दुसऱ्यांत, १९३६ सालीं ती राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांस भेटल्याची. ती जगली, तर तिची शांततेची चळवळ फोंफावेल, अमेरिका महायुद्धांत उशिरां उतरेल, मधल्या काळांत हिटलरच्या हातीं अणुबाँब पडेल, आणि जग त्याचें होईल. मॅकॉय यांनीं जें केलें, तें हेंच: त्यांनीं तिला वांचविलें. तेव्हां हिशेब असा निघतो कीं, ती मेलीच पाहिजे.

मध्यंतरीं एका प्रसंगीं एडिथ जिन्यावरून घसरते, आणि कर्क तिला झटकन् सावरतो. स्पॉक त्याला बजावतो कीं, कदाचित् हीच ती वेळ असती. हा प्रसंग लहानसा आहे, परंतु मला तो सर्वांत खरा वाटतो. पडणाऱ्याला धरण्यापूर्वीं हात विचारीत नाहीं. शेवटीं ती रस्ता ओलांडीत असतांना ट्रक येतो. डॉक्टर मॅकॉय तिला ओढण्यासाठीं धांवतात, आणि कर्क त्यांना दोन्ही हातांनीं धरून ठेवतो. ती मरते. इतिहास पूर्ववत् होतो. कर्क परत फिरतो. दिवे लावले, तेव्हां वर्गांतील कांहीं मुली डोळे पुशीत होत्या, आणि मुलगे उगाच खिडकीबाहेर पाहत होते.

आतां माझें भांडण काय, तें सांगतों. गोष्टीपुरता हिशेब बिनचूक आहे, हें मला मान्य आहे. लेखकानेंही त्या मृत्यूचें दुःख झांकलें नाहीं, हा त्याचा मोठेपणा. परंतु पाहणारा त्या गोष्टींतून एक गोष्ट नकळत घरीं घेऊन जातो: अधिकांच्या कल्याणासाठीं समोरच्या एकाला चाकाखालीं जाऊं द्यावें लागतें, आणि तसें जाऊं देणारा मनुष्य थोर असतो. येथें माझा सक्त विरोध आहे. स्पॉकपाशीं दोन वर्तमानपत्रें होतीं. आपल्यापाशीं उद्यांचें एकही वर्तमानपत्र नसतें! ज्याला उद्यांची बातमी ठाऊक नाहीं, त्यानें स्पॉकचा हिशेब उसना घेऊं नये. त्याच्यासाठीं एकच नियम उरतो, आणि तो डॉक्टर मॅकॉय यांचा: समोर माणूस चाकाखालीं जात असेल, तर आधीं त्याला ओढा.

कोणी म्हणेल, ही नाटकांतली गोष्ट. खऱ्या जगांत असा हिशेब कोण करितो? मित्रहो, आपण नेऱ्यास राहतों. मुळशी तालुक्याच्या लोकांनीं तरी हा प्रश्न विचारूं नये. आपल्या गांवापासून पश्चिमेस, पौडच्या पलीकडे, मुळा आणि निळा या नद्यांचें पाणी अडवून मोठें धरण बांधलें आहे. तें पाणी सह्याद्रीच्या पोटांतून बोगद्यानें कोंकणांत भिरा येथें उतरवितात, आणि त्यावर वीज निर्माण होते. धरणाचें काम निघालें, तेव्हां हिशेब असाच मांडला गेला होता: एका तागडींत मुंबईच्या गिरण्या, आगगाड्या, लाखों लोक, दुसऱ्या तागडींत मावळ खोऱ्यांतील कांहीं खेडीं आणि त्यांची भातखाचरें. १६ एप्रिल १९२१ रोजीं, रामनवमीच्या दिवशीं, मावळ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापति’ हें नांव मिळालें, तें याच लढ्यांत. १९२४ सालापर्यंत झुंज चालली. अखेर ती हरली, आणि पिढ्यान्पिढ्यांचीं शेतें, घरें, देवळें पाण्याखालीं गेलीं.

त्या विजेनें मुंबई उजळली, हें मी नाकारीत नाहीं. मी स्वतः रात्रीं वह्या तपासतों, त्या विजेच्याच दिव्याखालीं. सत्याग्रह यशस्वी झाला असता, तर तें चांगलें झालें असतें कीं वाईट, हें सांगण्यास माझ्यापाशीं गंगाधरपंतांची बखर नाहीं. माझें म्हणणें एवढेंच कीं, हिशेब मांडणाऱ्यांपाशींही ती नव्हती. त्यांच्या तागडींतील फायदा पुढें यावयाचा होता, आणि मावळ्याचें बुडणारें घर मात्र त्याच दिवशीं डोळ्यांसमोर उभें होतें. न दिसणाऱ्या उद्यांसाठीं दिसणाऱ्या माणसाला खर्चीं टाकावयाचें, आणि त्याला विचारावयाचेंही नाहीं, यांत जो अन्याय आहे, तो उद्यां कितीही उज्ज्वल निघाला तरी पुसला जात नाहीं. आज हिंजवडीचा आयटी पार्क आपल्या उशाशीं आला आहे. रस्ते रुंद होतात, जमिनींचे व्यवहार होतात, आणि प्रत्येक वेळीं कोणी तरी मोठा हिशेब घेऊन येतो. माझ्या वर्गांतील मुलें उद्यां त्या हिशेबाच्या एका ना एका बाजूस बसणार आहेत. त्यांनीं एडिथ कीलरला विसरूं नये, म्हणून मीं तो शनिवार खर्च केला.

परंतु या गोष्टीला आणखी एक बाजू आहे, आणि ती मला माझ्या विद्यार्थ्यांनींच शिकविली.

पुढच्या आठवड्यांत मीं वर्गाला ‘जर…’ या विषयावर निबंध लिहावयास सांगितला. बहुतेकांनीं पानिपत जिंकलें. एकानें मुळशीचें धरण होऊंच दिलें नाहीं. एकानें लिहिलें कीं, आजोबांनीं रस्त्याकडेचें शेत विकलें नसतें, तर आज आपण कोट्यधीश असतों. दुसऱ्यानें लिहिलें कीं, वडिलांनीं शेत विकलें म्हणूनच बहिणीचें शिक्षण झालें. दोन्ही निबंध शेजारीं शेजारीं ठेवून मी बराच वेळ बसलों होतों.

त्यानंतर एका मुलीची वही आली. तिचें नांव मी सांगत नाहीं. तिच्या व तिच्या आईच्या संमतीनें एवढें लिहीत आहें. निबंध चारच ओळींचा होता. शाळेच्या प्रकल्पासाठीं तिला चार्टपेपर हवा होता. आदल्या दिवशीं आणावयाचा ती विसरली. रात्रीं दादाकडे हट्ट धरला. तो पावसांत मोटारसायकल घेऊन हिंजवडीकडे गेला, आणि एका ट्रकनें त्याला उडविलें. प्राण वांचला, परंतु महाविद्यालयाचें वर्ष बुडालें, आणि पाय अद्याप नीट पडत नाहीं. शेवटची ओळ अशी होती: “जर मी आदल्या दिवशीच कागद आणला असता, तर” — आणि पुढें कांहीं नाहीं. ‘तर’च्या पुढचा कागद कोरा होता.

पालकहो, आपलीं मुलें चौदा वर्षांचीं असतात, आणि त्यांच्या दप्तरांत असली ओझीं असतात. आपण पुस्तकांचें वजन तेवढें मोजतों.

मधल्या सुटींत तिला बोलावलें. उपदेश करण्याची माझी छाती झाली नाहीं. मीं पुन्हा ती फूटपट्टी काढली आणि तिला दाबावयास सांगितली. पट्टी वांकली. मीं विचारलें, “कोणत्या बोटानं वाकवली?” ती म्हणाली, “एका बोटानं नाही सर. दोन्ही हातांनी.” मीं म्हटलें, “त्या रात्री पाऊस होता. रस्त्यात खड्डा होता. ट्रक होता, ट्रकवाल्याची घाई होती, अंधार होता. इतकी बोटं त्या पट्टीवर होती, बाळ. तू तेवढं तुझंच बोट मोजलंस, कारण तेवढंच तुला दिसतं.” ती कांहीं बोलली नाहीं.

मग मला सहज सुचलें म्हणून विचारलें, “दादाला दवाखान्यात कोणी नेलं?”

“एका टेंपोवाल्यानं. नाव पण माहीत नाही. त्याच्या गाडीत कोबी भरली होती, मार्केटला चालला होता. त्यातच जागा करून दादाला झोपवलं त्यानं.”

“मग त्याच्या कोबीचं काय झालं?”

तिनें माझ्याकडे पाहिलें. हा प्रश्न तिला कधीं पडलाच नव्हता. कोबी बाजारांत उशिरां पोंचली असेल. भाव पडला असेल. मालक रागें भरला असेल. पोलिसांची चौकशी मागें लागेल, ही भीति तर सर्वांनाच असते. त्या मनुष्यानें यांतला एकही हिशेब केला नाहीं. रस्त्यावर पडलेल्या अनोळखी माणसाला उचलून नेणाऱ्या वाटसरूची गोष्ट आपण शाळेच्या प्रार्थनेच्या वेळीं कितीदां तरी ऐकली आहे. तोही असाच, आपलें काम बाजूस ठेवून थांबला होता. डॉक्टर मॅकॉय धांवले होते, ते याच ओढीनें. फरक एवढाच कीं, या खेपेस त्यांना धरून ठेवणारें कोणी नव्हतें.

त्या दिवशीं मला माझ्या आवडत्या कथांचा अर्थ पूर्वींपेक्षां थोडा अधिक कळला. ‘जर’ हें दोन तोंडांचें दार आहे. त्याचें एक तोंड मागें उघडतें. तेथें काळाचा पहारेकरी कोणालाही आंत सोडीत नाहीं, आणि आपण उंबऱ्यावर डोकें आपटीत राहतों. गंगाधरपंत जाऊन आले खरे, परंतु येतांना बखरीचें एक फाटकें पान तेवढें त्यांच्या खिशांत राहिलें. पानिपत जेथल्या तेथें होतें. त्याचें दुसरें तोंड मात्र पुढें उघडतें, आणि तें कोणीही उघडावें. मी आज थांबलों, तर? मी आज हात दिला, तर? एक तीळभर अंतर इतिहास बदलूं शकतें, हें जर खरें असेल, तर आज संध्याकाळीं आपल्या हातून होणारी लहानशी गोष्ट लहान नाहीं. विज्ञानकथेनें मला एवढें शिकविलें. आणि हें ज्ञान मागें पाहून रडण्यासाठीं नाहीं, पुढें पाहून वागण्यासाठीं आहे.

त्या मुलीनें दुसऱ्या दिवशीं वही परत आणली. जुनी ओळ तिनें खोडली नव्हती. तशीच अपुरी ठेविली होती. तिच्याखालीं एक नवी ओळ होती: “जर तो टेंपोवाला थांबला नसता, तर आज दादा नसता.” हें वाक्य पुरें होतें. मीं त्याच्याखालीं लाल शाईनें कांहींही लिहिलें नाहीं.

आतां त्या शेतकरी गृहस्थांस माझें उत्तर. दादा, तुमच्या मुलाला या नाटकांचा परीक्षेंत एकही गुण मिळणार नाहीं, हें मी कबूल करितों. परंतु पावसाळ्याच्या एखाद्या रात्रीं हिंजवडीच्या रस्त्यावर कोणी पडलेला दिसला, आणि तुमचा मुलगा गाडी थांबवून उतरला, तर तो ‘उपेग’ समजावा, अशी विनंति आहे.

आणि इतिहासाचें पुस्तक दिवाळीच्या सुटीपूर्वींच पुरें झालें, हेंही येथें नमूद करून ठेवतों.